कारागिराची किंमत कोणीं ठरवावी?

‘कलेचें मोल पैशांत होत नाहीं’ हें वाक्य आमच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, तें उच्चारतांना आपण कांहीं तरी उदात्त बोलत आहों असेंच प्रत्येकास वाटतें. माझा अनुभव असा कीं, हें वाक्य बहुधा खरेदीच्या वेळींच ऐकूं येतें, आणि तें उच्चारणारा इसम विकणारा नसून घेणारा असतो. कलेचें मोल पैशांत होत नाहीं, सबब पैसे कमी घ्या, हा त्याचा व्यवहारांतील अर्थ. ह्या अर्थाशीं माझें भांडण आहे. भांडणांत मी कारागिराची बाजू घेणार आहें. पण त्याचीही गय करण्याचा माझा विचार नाहीं, कारण स्वतःच्या मालाची किंमत सांगतांना सर्वांच्या आधीं मान खालीं घालणारा मनुष्य तोच आहे.

हातकामाच्या किंमतीचा प्रश्न एका जुन्या हत्याराच्या उदाहरणानें जितका स्पष्ट होतो तितका दुसऱ्या कशानें होत नाहीं, म्हणून तेंच प्रथम घेतों. तें हत्यार म्हणजे चकमकीची बंदूक. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागे. चकमकीच्या बंदुकींत घोड्याच्या जबड्यांत धरलेली गार पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या रंजकेवर पडतात आणि बार उडतो. १८४० च्या सुमारास केपाच्या बंदुका आल्या आणि युरोपच्या सैन्यांतून ही बंदूक हद्दपार झाली. परंतु अमेरिकेंत आजही कांहीं कसबी लोक मागणीप्रमाणें अशा बंदुका हातानें घडवितात व त्यावर पोट भरतात. अठराव्या शतकांत पेनसिल्व्हानियांतील जर्मन वसाहतवाल्यांनीं जी लांब नळीची रायफल सिद्ध केली, तिचाच हा वंश. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें जुन्या वसाहतीचें जतन करणारी संस्था आहे. तिच्या बंदूकशाळेंत वॉलेस गसलर ह्या कारागिरानें लोखंडाची सपाट पट्टी वळून नळी जोडण्यापासून तों दस्त्यावरील नक्षीपर्यंत सर्व काम जुन्या रीतीनें केलें, आणि १९६९ सालीं त्या कामाचा बोलपटही निघाला.

अशा एका बंदुकीसाठीं एकाच मनुष्याला लोहार, सुतार, ओतारी व नक्षीकार असें चौघांचें काम करावें लागतें. नळीच्या आंतील पिळदार खोबणी हातानें काढावयाच्या. कमानीला पाणी थोडें जास्त चढलें तर ती मोडते. कमी चढलें तर घोडा सुस्त पडतो. मेपलच्या दस्त्यांत नळीसाठीं काढलेली खांच केसभर सैल झाली कीं तें लांकूड जळणांत जमा. असें एक काम पुरें होण्यास शेकडो तास जातात. मग गिऱ्हाईक येतें, बंदूक खांद्याला लावून पाहतें आणि विचारतें, ‘सामान किती लागलें?’ कित्येक हजार डॉलरांचा आंकडा ऐकून परक्याला ती श्रीमंती चैन वाटते. परंतु तोच आंकडा तासांनीं भागून पाहिला, तर ज्याला कोणतेंही कसब लागत नाहीं अशा मजुरीहूनही तो खालीं येऊं शकतो. (बंदुकीचें उदाहरण घेतल्याबद्दल अहिंसावादी मित्रांनीं रागावूं नये. ह्या बंदुकीला एक बार भरण्यास जो वेळ लागतो तेवढ्यांत हरिणच काय, कांसवसुद्धां निघून जाईल.)

‘सामान किती लागलें?’ हा प्रश्न दुसऱ्या कोणत्याही विक्रेत्याला आपण विचारीत नाहीं. मी बदलापूर पश्चिमेस हेंद्रेपाड्यांत राहतों. आगगाडीनें पुढलेंच स्टेशन अंबरनाथ, आणि तेथें दारूगोळ्याच्या सामानाचा सरकारी कारखाना आहे. त्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पितळी नळकांड्याची किंमत पितळेच्या वजनावर ठरावी असें संरक्षणखात्यांतील अगदीं नवशिक्या कारकुनासही वाटणार नाहीं. यंत्राची झीज, वीज, देखरेख, नापास झालेला माल, पहारेकऱ्याचा पगार, इतकेंच काय पण बंद पडलेल्या दिवसांचा खर्चही वांटून प्रत्येक नगावर चढतो, आणि त्यास शास्त्रशुद्ध हिशेब म्हणतात. हाच हिशेब एकट्या कारागिरानें मांडला तर त्याला लोभ म्हणतात. कारखान्याची भिंत मोठी असल्यामुळें त्याचा वरखर्च डोळ्यांना दिसतो. कारागिराचा वरखर्च त्याच्या घरांत, बायकोच्या बिनपगारी श्रमांत आणि मुलाच्या अर्धवट शाळेंत लपलेला असतो, म्हणून तो नाहींच असें आपण धरून चालतों.

अर्थशास्त्राचे माझे मित्र येथें म्हणतील कीं, किंमत बाजार ठरवितो, त्यांत प्राध्यापकांनीं पडूं नये. ठीक आहे, मग बाजाराच्या आद्य शास्त्रकारालाच विचारूं. ॲडम स्मिथनें १७७६ सालच्या ग्रंथांत निरनिराळ्या धंद्यांच्या मजुरींत फरक कां पडतो ह्याचीं पांच कारणें दिलीं आहेत. त्यांतलें एक शिक्षणाच्या कष्टाचें व खर्चाचें. पुष्कळ श्रमानें शिकलेल्या मनुष्याची तुलना तो महागड्या यंत्राशीं करतो, कारण दोहोंतही घातलेलें भांडवल वसूल व्हावें लागतें. दुसरें कारण काम सतत मिळण्या-न मिळण्याचें. गवंड्याला कडक थंडींत काम नसतें, म्हणून कामाच्या दिवसाच्या मजुरींतच रिकाम्या दिवसाचें पोट असलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें. स्मिथ हा कांहीं कारागिरांचा वकील नव्हता. तरीही त्याचीं हीं दोन कारणें लावून पाहिलीं तर आमच्याकडील एकाही हातकामाची चालू किंमत टिकत नाहीं.

आणि येथें इंग्लंडांतील एक खटला आठवतो. रस्किननें कारागिराच्या श्रमाचा कैवार ज्या ओजस्वी भाषेंत घेतला ती आमच्या पिढीनें महाविद्यालयांत पाठ केली. त्याच रस्किननें १८७७ सालीं व्हिसलर ह्या चित्रकारानें एका चित्रास दोनशें गिनी मागितल्या म्हणून त्याची जाहीर निर्भर्त्सना केली. व्हिसलर अब्रुनुकसानीसाठीं न्यायालयांत गेला. दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे मागतां काय, असें प्रतिपक्षाच्या वकिलानें विचारतांच, ते पैसे जन्मभराच्या ज्ञानाचे आहेत अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. तें उत्तर जगभर गाजलें. १८७८ चा निकाल व्हिसलरच्या बाजूनें लागला आणि नुकसानभरपाई मिळाली एक फार्दिंग. पुढल्या वर्षीं त्याचें दिवाळें वाजलें. टाळ्या मिळविणारें उत्तर आणि पोट भरणारी किंमत ह्यांत केवढें अंतर असतें तें त्या एका फार्दिंगवरून दिसतें.

परंतु साहेबाला दोष देऊन आपण सुटत नाहीं. आमची घासाघीस ही स्वतंत्र कुळींतली आहे, आणि तिचें मूळ बलुत्यांत आहे असें मला वाटतें. बारा बलुतेदारांना गांव कामागणिक दाम देत नसे. पिकाचा ठराविक वांटा देई. नांगर एकदां मोडो कीं चार वेळां, सुताराचें बलुतें तेंच. ह्या व्यवस्थेचे दोष त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत निर्भीडपणें दाखविले आहेत, आणि जातीच्या साखळदंडानें बांधलेल्या त्या पोटापुरत्या हमीबद्दल कोणीं उसासे टाकूं नयेत. पण तिच्यांत हमी होती. आज तो वांटा गेला, हमी गेली. राहिली ती फक्त समोरच्या कामाला वेगळी किंमत असते हें न समजण्याची आमची संवय. एक धंदा असा आहे कीं जेथें मराठी भाषेनें मालाची किंमत व हाताची किंमत निराळ्या केल्या आहेत, आणि तो म्हणजे सोनाराचा. तेथें ‘घडणावळ’ हा स्वच्छ शब्द आहे. पण सराफाच्या पेढीवर थोडा वेळ बसून पाहावें. सोन्याच्या भावावर कोणी अक्षर काढीत नाहीं, कारण तो जगाच्या बाजारानें ठरतो. सारी झुंज घडणावळीवर. धातूपुढें नमावयाचें आणि मनुष्याशीं हुज्जत घालावयाची, हा आमचा शिष्टाचार.

आतां मिरजेकडे वळूं. कारण बंदुकीपासून आपण निघालों त्या वाटेवरच मिरज आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार व पाणी देणारे लोक. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, संस्थानिकांच्या फौजा आटल्या आणि हत्यारांची मागणी सरली. पुढें १८७८ च्या कायद्यानें उरलेला धंदाही परवान्याच्या कुंपणांत गेला. तत्पूर्वींच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार सतारी व तंबोरे करण्याकडे वळले होते. त्यांच्या वंशजांनीं ‘सतारमेकर’ हें आडनांवच घेतलें. तलवारीच्या पात्यावर फिरणारा हात तंबोऱ्याच्या घोडीवर फिरूं लागला. आमच्या इतिहासांत इतकें सुंदर स्थित्यंतर विरळा, आणि भाषणांत त्याचा उल्लेख करण्यास आपण कधींच कमी करीत नाहीं. अबदुल करीमखांसाहेब मिरजेस राहिले, तेथेंच त्यांची कबर आहे, हेंही त्याच भाषणांत येतें. तंबोऱ्याला काय पडतें हें मात्र भाषणांत येत नाहीं.

तंबोरा कसा होतो? भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो पुरता वाळलेला, जाड सालीचा आणि हव्या त्या घेराचा मिळावा लागतो, म्हणजे शेतकऱ्याकडे खेपा आल्या. लांकूड तुणीचें, तेंही मुरलेलें. भोपळा भिजवून, कापून, आंतून साफ करून पुन्हा वाळवावयाचा. त्यावर तबली बसवावयाची, दांडी जोडावयाची, नक्षी, रोगण, खुंट्या. आणि हें सर्व झाल्यावर जें उभें राहतें तें अजून वाद्य नव्हे. घोडीचा माथा कानसून, तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी काढावी लागते. तेव्हां कोठें एका तारेंतून अनेक स्वर झरूं लागतात. जवारीला माप नाहीं. कानस केव्हां थांबवावी हें कान सांगतो, आणि तो कान तयार होण्यास वीस-पंचवीस वर्षें लागतात.

आतां गणित मांडूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतों. ज्याला ते मान्य नसतील त्यानें आपले घालून पाहावे. समजा, वाद्य ४०,००० रुपयांस विकलें. सामानाचे १२,००० वजा, जागा, वीज, हत्यारें व ने-आण ह्यांचे ६,००० वजा, राहिले २२,०००. प्रत्यक्ष हातकामाचे तास २००. म्हणजे तासाला ११० रुपये, आणि येथेंच बहुतेक कारागीर हिशेब थांबवितात. मुळांत मांडला असेल तर. पण भोपळ्यासाठीं केलेल्या खेपा, गिऱ्हाइकाशीं केलेलें बोलणें, तडकून वांया गेलेलें काम आणि विक्रीनंतर फुकट काढून दिलेली जवारी हे आणखी ७५ तास त्यांत घाला. तासाचे झाले ८०; आठ तासांच्या दिवसाचे ६४०. हेंद्रेपाड्याच्या आसपास ज्या इमारती रोज उठत आहेत तेथें विटा वाहणाऱ्या बिगाऱ्याला ह्याहून फारसें कमी मिळत नाहीं. त्याला तें मिळूं नये असें मी म्हणत नाहीं, जास्तच मिळावें. पण विटा वाहण्यास पंचवीस वर्षांचा कान लागत नाहीं. आजारपण, म्हातारपण, शिकाऊ मुलाचें वेतन हीं अजून हिशेबांत आलेलींच नाहींत. मग मुलगा बापाच्या शेजारीं न बसतां दुसरीकडे नोकरी धरतो, आणि आपण ‘परंपरा लोपत चालली’ म्हणून परिसंवाद भरवितों.

दुसऱ्या बाजूनें फुकटाचा तंबोरा आला आहे. विजेचा तंबोरा निघाला त्यास चार दशकांहून अधिक काळ झाला. आतां तर तो खिशांतल्या फोनांत विनामूल्य वाजतो. कित्येक कारागीर त्याला भिऊन किंमत उतरवितात. मला ही मोठी चूक वाटते. फुकटाशीं स्वस्ताईनें स्पर्धा होत नाहीं. शून्याच्या खालीं कोण जाणार? ज्याला फोन पुरतो तो गिऱ्हाईक नव्हताच. ज्याला पुरत नाहीं तो मिरजेस येतो, आणि तो आलेला असतांना त्याच्याकडून पुरी किंमत न घेणें म्हणजे उरलेलें एकुलतें एक शेतही न पेरणें होय.

ह्याहूनही नाजूक एक प्रकार आहे. तो सांगितल्यानें आमच्या आळींतील एका सज्जनाचा रोष ओढवेल, पण इलाज नाहीं. हे गृहस्थ निवृत्त आहेत, निवृत्तिवेतन चांगलें आहे, हाताला वळण आहे. वेळ जावा म्हणून ते शिसवी देव्हारे करतात, सुरेख करतात, आणि लांकडाच्या किंमतींत विकतात. ‘मला ह्यांतून कांहीं मिळवावयाचें नाहीं,’ हें ते अभिमानानें सांगतात. दोन गल्ल्या पलीकडे एक सुतार देव्हाऱ्यांवरच संसार चालवितो. त्याच्याकडे जाणारें प्रत्येक गिऱ्हाईक आतां म्हणतें, ‘ते आजोबा तर निम्म्यांत देतात!’ गृहस्थांचा हेतु निर्मळ आहे ह्यांत शंका नाहीं. पण त्यांचें निवृत्तिवेतन त्या सुताराच्या विरुद्ध लढत आहे. हौशी मनुष्यानें आपलें काम खुशाल भेट द्यावें. भेटीनें भाव पडत नाहीं. विकावयाचें असेल तर मात्र धंदेवाइकाच्या दरानेंच विकावें, आणि मिळालेला पैसा नको असेल तर दान करावा.

गतवर्षींची वहाणांची दंगल वाचकांस आठवत असेलच. जून २०२५ मध्यें इटलींतील प्राडा ह्या पेढीनें मिलान येथें कोल्हापुरी घाटाची वहाण दाखविली आणि मूळ ठिकाणाचें नांव घेतलें नाहीं. महाराष्ट्र खवळला. खवळणें रास्त होतें. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र व कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांचें. डिसेंबरांत त्या पेढीनें दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार करून २,००० जोड करवून घेण्याचें ठरविलें. एका जोडाची किंमत सुमारें ८०० युरो. ह्या साऱ्या गदारोळांत नांवाची चोरी हा विषय शंभर वेळां निघाला. जोड शिवणाऱ्याच्या हातांत किती पडतें हा क्वचितच. आणि तें विचारणार तरी कोण? कोल्हापुरास जाऊन तीनशें रुपयांची वहाण अडीचशांस आणल्याची फुशारकी मारणारेच त्या सभेंत पुढें होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्यालाही २०२४ सालीं मानांकन मिळालें. चांगलें झालें. पण मानांकन नांवाचें रक्षण करतें, दामाचें नव्हे. नांवाला कुंपण घालून आंतील पीक जुन्याच भावानें विकावयाचें असेल तर कुंपणाचा खर्च तेवढा वाढला.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. किंमत वाढली तर गरीब विद्यार्थ्यानें तंबोरा घ्यावा कसा? विद्यार्थ्याची अडचण खरी आहे; पण ती कारागिरानें कां सोसावी? पूर्वीं दरबार सोशी. आज सरकार आहे, विद्यापीठें आहेत, संगीतसभांना पैसा पुरविणाऱ्या पेढ्या आहेत. त्यांनीं शिष्यवृत्ति द्यावी, वाद्य विकत घेऊन वापरावयास द्यावें. सध्यां ती शिष्यवृत्ति मिरजेचा कारागीर देत आहे, आपल्या मुलाच्या ताटांतून, आणि देणगीदारांच्या फलकावर त्याचें नांवही नाहीं.

कारागिरांना माझें सांगणें थोडेंच आहे. एक वर्षभर रोजकीर्द लिहा, पैशांची नव्हे, तासांची. सहाणेवर हत्यार घासण्याचे तासही लिहा. वर्षअखेर जो आंकडा निघेल त्याला घाबरूं नका. किंमत पाटीवर लिहून लावा, कारण पाटीवरच्या आंकड्याशीं हुज्जत घालण्यास मनुष्य जरा बिचकतो. विसार घेतल्याशिवाय भोपळा कापूं नका. विक्रीनंतरची जवारी फुकट काढून देऊं नका. दहा मिनिटांचें काम असलें तरी नाहीं, उलट दहाच मिनिटांत होतें म्हणूनच नाहीं. आणि गिऱ्हाईक परत गेलें तर जाऊं द्या. चार कामें तोट्यांत करण्यापेक्षां तीन पुऱ्या दामानें करावींत, म्हणजे चौथ्याच्या वेळांत शिकाऊ मुलाला निदान शेजारीं बसवितां येईल.

संस्थांविषयीं बोलणें अधिक अवघड, कारण तेथें घासाघीस नियमाच्या रूपानें बसलेली असते. मी ज्या महाविद्यालयांत शिकवितों तेथें संगीताच्या वर्गासाठीं चार तंबोरे घ्यावयाचे ठरले. नियमानुसार तीन दरपत्रकें मागविलीं. त्यांत एक पत्रक एका जुन्या कारागिराचें होतें. दुसरीं दोन व्यापाऱ्यांचीं. तुलनेच्या तक्त्यांत रकाने होते ते उंची, लांकडाचा प्रकार, रोगणाचा रंग, तारांची संख्या आणि दर. वाद्य वाजतें कसें ह्याला रकाना नव्हता. दर सर्वांत कमी त्यास काम, असा शेरा तयारच होता, आणि तो अर्थातच कारागिराच्या विरुद्ध जात होता. जवारीसाठीं एक रकाना वाढवावा आणि तो भरण्यास कोणा गवयाला बोलवावें, अशी सूचना मीं लेखी केली. लेखापरीक्षक हरकत घेतील असें उत्तर आलें. मीं तक्त्यावर सही केली नाहीं. खरेदी पुढल्या वर्षावर गेली. तो तक्ता अद्याप समितीपुढें आहे, रकाने तेवढेच आहेत, आणि वर्गांत फोनवरचा तंबोरा वाजतो.